धावू या, पण कुणाच्या तरी दारापर्यंत

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा सप्ताहाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



आताच बक्षिसे वाटून झाली. ज्यांना ती मिळाली त्यांचे मनापासून अभिनंदन, आणि जे शेवटपर्यंत धावले पण ज्यांचा नंबर आला नाही त्यांचेही अभिनंदन. परंतु या आनंदाच्या प्रसंगी मला एक अप्रिय प्रश्न विचारायचा आहे. उद्या सकाळी या मैदानावर कोण येणार? दरवर्षीचा अनुभव असा की मंडप उतरला की मैदान ओस पडते. दहावीची मुले क्लासला जातात, लहान मुले मोबाईल घेऊन बसतात आणि आम्ही शिक्षक पेपरांचे गठ्ठे घेऊन घरी जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनतीची हालचाल केली पाहिजे आणि मोठ्यांनी आठवड्यातून निदान 150 मिनिटे. आपल्यापैकी किती जण या हिशेबात बसतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

व्यायाम चांगला, हे कुणाला सांगावे लागत नाही. तो टिकत नाही, हीच खरी अडचण आहे. आणि तो का टिकत नाही? कारण आपण गेलो नाही तर कुणाचेच काही अडत नाही. या अडचणीवर लंडनमध्ये एक साधा उपाय निघाला. त्याची हकीकत मी आज सांगणार आहे.

लंडनच्या पूर्व भागात टॉवर हॅमलेट्स नावाची वस्ती आहे. बांगलादेशातील सिल्हेटकडून गेलेली मुसलमान कुटुंबे तेथे फार मोठ्या संख्येने राहतात. त्या पूर्व लंडनमध्ये 2009 साली आयव्हो गॉर्मली नावाच्या गृहस्थाने ‘गुडजिम’ ही संस्था सुरू केली. त्याचा विचार असा होता की व्यायामशाळेत माणसे पैसे देऊन जड वस्तू उचलतात आणि परत तेथेच ठेवतात. एका जागी धावतात आणि कुठेच पोहोचत नाहीत. त्याच वेळी शेजारच्या गल्लीत एखादी बाग खणायची राहिलेली असते, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे कपाट सरकवायला हात नसतात. मग ही वाया जाणारी शक्ती तिकडे का वळवू नये?

त्यांची पद्धत अशी आहे. आठवड्यातील ठरलेल्या दिवशी सगळे एके ठिकाणी जमतात आणि धावत कामाच्या जागी जातात. तेथे माती वाहणे, रंग देणे, सामान लावणे असे जे काम असेल ते करतात आणि धावत परत येतात. दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या वृद्धाच्या घरचे एकदाच करावयाचे काम. तिसरा प्रकार मला सर्वांत आवडला. एक धावणारा दर आठवड्याला एकाच एकट्या वृद्धाच्या घरी धावत जातो, थोडा वेळ बसून गप्पा मारतो आणि परत फिरतो. या वृद्धाला ते ‘कोच’ म्हणतात. म्हणजे मदत घेणारा तो नव्हे, तो तर प्रशिक्षक! पाऊस पडत असला तरी कुणीतरी वाट पाहत आहे, या जाणिवेने तरुण घराबाहेर पडतो. कुणी कुणावर उपकार केले, हा प्रश्नच उरत नाही. अशा घरी जाणाऱ्यांची आधी रीतसर चौकशी होते, हेही लक्षात घ्या. पुढे ब्रिस्टलसारख्या इतर शहरांतही हे काम पसरले. ज्यांना धावणे जमत नाही ते चालत किंवा सायकलवर जातात. 2020 च्या कोरोना काळात याच लोकांनी घरात अडकलेल्यांना औषधे आणि सामान पोहोचवले.

कुणी म्हणेल, हे तिकडचे. आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, शेजारधर्म आहे. मीही असेच म्हणत होतो. म्हणून आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. सांगताना मला लाज वाटते, पण सांगितलीच पाहिजे.

मला सातवीत गणित शिकवणारे सर आमच्याच मोहल्ल्यात राहत. दोन्ही मुलगे आखातात. पत्नी वारल्यावर सर एकटेच राहिले. चार वर्षांपूर्वी माझी साखर वाढली आणि डॉक्टरांनी मला रोज चाळीस मिनिटे चालायला सांगितले. माझा रस्ता सरांच्या दारावरून जाई. ते खिडकीतून हात करीत, मीही हात करी आणि घड्याळ पाहत पुढे जाई. एके दिवशी त्यांनी हाक मारली, “अरे, जरा थांबतोस का? बल्ब गेलाय. स्टुलावर चढायची आता भीती वाटते.” मी म्हणालो, “सर, परत येताना येतो.” आणि परत आलो तो दुसऱ्याच रस्त्याने. विसरलो. तिसऱ्या दिवशी कळले की सर स्वतःच स्टुलावर चढले आणि पडले. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत. दहा महिन्यांनी गेले. त्या दहा महिन्यांत मी अनेकदा त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी त्या बल्बचा विषय एकदाही काढला नाही. माझी साखर मात्र खाली आली होती.

मित्रहो, तेव्हापासून मी तोच रस्ता चालतो, पण थांबत थांबत चालतो.

गेल्या वर्षी मी आठवी-नववीच्या अकरा मुलांना घेऊन रविवारी सकाळी हा प्रयोग सुरू केला. फजरच्या नमाजानंतर शाळेच्या फाटकाशी जमायचे, दोन किलोमीटर धावायचे, तासभर काम करायचे आणि परत यायचे. कब्रस्तानातील गवत काढले, वाचनालयाची पुस्तके उन्हात टाकली, शाळेच्या रस्त्यावरची खडी बाजूला केली. रस्त्यातील दगड-काटा दूर करणे हाही सदका आहे, हे आपण लहानपणीच शिकलो आहोत; आम्ही ते फक्त घाम गाळून केले. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या रविवारी चारच मुले आली. एका खालांनी दारच उघडले नाही. आतूनच म्हणाल्या, “कोण रे तुम्ही? कुणी पाठवलं?” त्यांचे बरोबर होते. पुढच्या वेळी त्यांच्या ओळखीच्या शेजारणीला आधी विचारून गेलो, तेव्हा दार उघडले. आता त्या शनिवारीच कामांची यादी करून ठेवतात आणि मुलगा उशिरा आला तर रागावतात. तो मुलगा पूर्वी पीटीच्या तासाला पोटदुखीचे कारण सांगत असे!

या अनुभवातून आम्ही काही नियम केले. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुणी येणार नाही. बरोबर एक शिक्षक असेल. कुणाच्याही घरी एकटा विद्यार्थी जाणार नाही, दोघे जातील. पैसे किंवा वस्तू घेणार नाही. आणि कुणाचाही फोटो काढणार नाही, कारण म्हातारपणाची गरज ही जाहिरातीची वस्तू नव्हे. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने तो लपवू नये. त्याने चालत यावे.

पालकांना दोन शब्द. अभ्यासाचा वेळ जाईल, ही तुमची काळजी मला समजते. मीही एका मुलीचा बाप आहे. परंतु आठवड्यातून दोन तासांनी कुणी नापास होत नाही. दुसरे, मुलींना मागे ठेवू नका. आमच्या दोन शिक्षिका मुलींची वेगळी तुकडी काढायला तयार आहेत. ज्या घरी फक्त आजी असते तेथे मुलीच अधिक उपयोगी पडतील. आणि शक्य असेल तर तुम्हीही या. साखर आणि रक्तदाब मोठ्यांनाच अधिक आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हातात आज पदक आहे. ते घरी नेऊन आईला दाखवा. मग येत्या रविवारी, पदक घरी ठेवून, साडेसहाला फाटकाशी या. येताना आपल्या गल्लीतील एका घराचा पत्ता लिहून आणा, जेथे कुणी हाक मारली तर ऐकणारे जवळ कोणी नाही. माझ्या वहीत पहिल्या पानावर एक पत्ता लिहिलेला आहे. त्या घराला आता कुलूप आहे. तुमच्या वहीत तसा पत्ता राहू नये, एवढीच इच्छा.