आजारी मोजले, पण धडधाकट कोणी मोजायचे?

(महासंघाच्या मासिक सभेत आरोग्य सखीने केलेले भाषण)



‘आरोग्यावर बोल’ असं अध्यक्षताई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, पुन्हा तेच का सांगायचं? हात धुवा, पाणी उकळा. ते तर तुम्हाला पाठ आहे. म्हणून आज आमच्या गावात घडलेलं सांगते. त्यात माझीही चूक आहे, तीही सांगते.

पावसाळ्याचे सुरुवातीचे दिवस. गावात एक डोहाळजेवण झालं. स्वयंपाक आमच्याच गटातल्या एका ताईने केला होता. गटाचं कर्ज काढून तिने मोठी पातेली घेतली होती, ऑर्डरी नुकत्याच मिळू लागल्या होत्या. तिसऱ्या दिवसापासून गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. एकतीस माणसं आजारी पडली, त्यातली एकोणीस त्या पंगतीला जेवलेली. झालं! गावाने निकाल देऊन टाकला. ताईच्या ऑर्डरी बंद. मीसुद्धा तिच्याकडून चटणी घ्यायची थांबले. आरोग्य सखी मी, आणि मीच असं वागले.

आशाताईने मला विचारलं, “जेवून बरे राहिलेले किती, ते मोजलं का गं?” मी गप्प. बायांनो, फक्त थकबाकीदारांची नावं वाचून गट कसा चालतो ते कळतं का? हप्ता भरणाऱ्याही मोजाव्या लागतात. आजाराचंही तसंच आहे.

मग आम्ही चौघी बसलो. हजेरीवहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या : नाव, घर कोणत्या आळीत, त्रास कधी सुरू झाला, पंगतीला जेवले का, पाणी कुठलं पितात. घरोघर फिरलो आणि बरे असलेल्यांनाही हेच विचारलं. काही घरांनी दारातूनच वाटेला लावलं, तो भाग सोडा.

दोन संध्याकाळीत चित्र बदललं. वरच्या आळीतले पन्नासच्या वर लोक पंगतीला होते, त्यातले फक्त दोघे आजारी. खालच्या आळीत मात्र सत्तावीस आजारी, आणि त्यातले दहा जण पंगतीकडे फिरकलेच नव्हते. त्यात एक अंथरुणाला खिळलेली आजी होती. ती कुठून जाणार डोहाळजेवणाला? शिवाय जेवणातून बाधा झाली तर माणसं बहुतेक एक-दोन दिवसांत एकदम पडतात. इथे नऊ दिवस रोज नवीन माणूस आजारी पडत होतं. म्हणजे विष एका पंगतीत नव्हतं, रोज घरात येत होतं.

रोज घरात येतं काय? पाणी. वरच्या आळीत आजारी पडलेल्या चौघांपैकी दोन लेकरं पंगतीला नव्हती, पण खालच्या आळीतल्या अंगणवाडीत पाणी पीत होती. उरलेल्या दोघांचं मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. जलसुरक्षकाने ओटी टेस्ट केली : वरच्या नळाचं पाणी पिवळं झालं, खालच्या नळाच्या पाण्याला रंगच आला नाही. क्लोरीन तिथपर्यंत उरतच नव्हतं. शोधलं तर गटारातून गेलेला पाइप जोडापाशी फुटलेला. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि बाहेरची घाण आत ओढून घेतो. ज्या नळाला तोटी नाही, जो खड्ड्यात आहे, त्याचंही हेच होतं.

ही युक्ती आमची नव्हे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकी आली, आठवड्या-दोन आठवड्यांत पाचशेच्या वर माणसं गेली. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलायचे. तिकडचे शिकलेले लोक घाणेरड्या हवेला दोष देत होते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाभोवती गोळा झालेली दिसली. पण खरं शहाणपण पुढे आहे. पंपाजवळ राहून न मेलेले कोण, हेही त्याने विचारलं. बिअरच्या कारखान्यातले सत्तर मजूर वाचले होते, कारण ते तो पंप वापरतच नव्हते. उलट दूर राहणारी एक विधवा बाई मेली. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते रोज मागवून घ्यायची! ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. साथ तोवर ओसरू लागली होती, कारण बरेच लोक पळून गेले होते, हे स्नोनेच लिहून ठेवलं. पुढे कळलं की आजारी बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात टाकलं जात होतं. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात दाखवला तो १८८४ साली. म्हणजे जंतू माहीत नसतानाही साथीची वाट सापडते.

प्रत्येक आजाराची वाट वेगळी. पाण्यातून येणारी कावीळ दिसते तेव्हा ती शिरलेली असते महिनाभर आधी, म्हणून मागच्या महिन्याचं पाणी आठवायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून रांजण आठवड्यातून एकदा घासून कोरडा करायचा, महिन्यातून एकदा नव्हे. गोवर हवेतून पसरतो. लस नसलेल्या वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना देतो, म्हणून शंभरातल्या पंचाण्णव लेकरांना लस हवी. “माझ्या पोराला दिली, बास” एवढ्याने भागत नाही.

आणि वही भरेपर्यंत रोग्याला ताटकळत ठेवू नका. एका दिवशी दोन-तीन घरांत जुलाब झाले तर त्याच दिवशी आशाला कळवा. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लेकराला झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध तोडू नका. आमची ती आजी वाचली नाही. “म्हाताऱ्या माणसाला होतंच” म्हणत घरच्यांनी दीड दिवस घालवला होता.

पाइप जोडला, टीसीएलचं प्रमाण नीट केलं, साथ थांबली. ग्रामसभेत मी उभी राहून वही वाचून दाखवली आणि ताईची माफी मागितली. तरी तिच्या ऑर्डरी दिवाळीपर्यंत परत आल्या नाहीत. दोन हप्ते गटाने सांभाळून घेतले.

आता पाऊस तोंडावर आहे. पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटाने आपल्या आळीतले नळ मोजून या. तोटी नसलेले किती, खड्ड्यातले किती, गटाराला लागून किती. पान मी आखून आणलंय, जाताना माझ्याकडून घ्या.