कबरस्तानाची निर्गुडी



ज्युबिलीच्या कामांत कबरस्तानाभोवती सिमेंटची भिंत घालावी, अशी सूचना पुष्कळांनी केली आहे. रस्त्याकडील बाजूस ती अवश्य असावी. परंतु वाड्यांकडील बाजूंस निर्गुडीचे कुंपण लावावे, असे माझे आग्रहाचे मागणे आहे.

निर्गुडी आपणांस परकी नव्हे. सांधे धरले असता जिचा पाला उकळून शेक घेतात, तीच ही. पानास तीन किंवा पाच दले, खालून पांढुरकी. फुले बारीक, निळसर जांभळी. पाल्याच्या उग्र वासामुळे गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून जुन्या लोकांनी तिला बांधावर जागा दिली. पुढे कुंपणे गेली, भिंती आल्या. त्यांबरोबर मधमाशीचे अन्नही गेले, हे कोणी हिशेबात धरले नाही.

काकडीचेच पाहा. तिच्या वेलावर नरफुले निराळी, मादीफुले निराळी. पराग चिकट, तो वाऱ्याने उडत नाही; माशीनेच न्यावा लागतो. मादीफूल उमलते एकच दिवस. त्या दिवशी माशी पुरेशी फिरकली नाही, तर काकडी वाकडी होते किंवा कोवळेपणीच गळते. मग आपण बियाण्यास बोल लावतो, सकाळीच औषध फवारतो, आणि उरलीसुरली माशीही मारतो! वेलाचा बहर थोड्या दिवसांचा. माशीला पोट मात्र बारमाही आहे. निर्गुडी पुष्कळ महिने फुलते. तिच्यावर सातेरी येते, लहान फुलोरी येते, काळा भुंगाही येतो.

कोणी म्हणतील, घाणेरीही फुलते. खरे, पण ती अमेरिकेतून आलेली, पाखरांनी बी टाकले की रानभर पसरणारी, आणि तिचा पाला गुरांना विषारी.

लावणी सोपी आहे. मृगाचे दोन चांगले पाऊस पडू द्यावेत. जून फांदीचे दीड वीत लांबीचे तुकडे घेऊन, दोन डोळे मातीत जातील असे, दोन दोन फुटांवर रोवावेत. पहिला उन्हाळा पाणी घालावे. तुरे नव्या फुटीच्या शेंड्यास येतात. सबब कुंपण भिंतीसारखे सारखे करण्याच्या हौसेने वरचेवर कातरू नये. एका वर्षी एकच बाजू छाटावी.

विहिरीजवळच्या जुन्या झाडाच्या फांद्या मी काढून ठेवीन. पाऊस लागल्यावरच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, प्रत्येक घरातून एकाने कोयता आणि पहार घेऊन यावे.