दोन्ही हात वर

कल्याणला आमच्या घरी खिडकीजवळच्या फळीवर एक विजेचे रेल्वे इंजिन आहे. लांबी वीतभर. 2015 साली भाच्याने जर्मनीहून येताना ते आणले, तेव्हा ते लालभडक आणि आरशासारखे चकचकीत होते. आज त्याच्या अंगावर धूळ, तेल, गंज सगळे काही आहे, आणि ते मीच महिना-दीड महिना खपून चढवले आहे. चांगली नवी वस्तू जुनी करत बसणाऱ्या माणसाला घरचे काय म्हणत असतील, ते तुम्ही ओळखालच.

आमच्या भागाला रेल्वेचे अप्रूप नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 ला, ती कल्याणपर्यंत पोचली. तेव्हापासून इथल्या कित्येक घरांची चूल रेल्वेच्या पगारावर पेटली. आमचीही त्यातलीच. अब्बा कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होते. लोकमान्य टिळकांचे नाव दिलेले 'लोकमान्य' हे चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झालेले पहिले विजेचे इंजिन. 14 ऑक्टोबर 1961 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ते रुळावर आले. त्या जातीची, म्हणजे डब्ल्यूसीएम-5 इंजिने अब्बांच्या हाताखालून गेली. डेक्कन क्वीनला ती जुंपली जात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी वीज आणि एम म्हणजे प्रवासी व मालगाडी दोन्ही ओढणारे.

भाच्याने इंजिन आणले तेव्हा काचबिंदूने अब्बांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांनी ते मांडीवर घेतले, त्याच्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "गुळगुळीत आहे रे. हे कधी कामावर गेलेलं नाही." मग ते मला परत दिले. ते इंजिन कामावर पाठवायचे, असे मी त्याच रात्री ठरवले.

हा छंद असणारे लोक आपल्याकडे आहेत. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून लोकांना खुले आहे. मी मात्र चुकतमाकत शिकलो. माझे इंजिन मूळ इंजिनाच्या 87 पट लहान. म्हणजे खरा एक मीटर इथे साडेअकरा मिलिमीटर होतो आणि साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही.

पहिल्यांदा चकाकी मारावी लागते. त्यासाठी मॅट वार्निशचा हलका हात द्यायचा. मग काळा आणि तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून अंगभर लावायचा आणि लगेच फडक्याने पुसून घ्यायचा. वरचा रंग निघून जातो, खाचाखोचांत बसलेला राहतो. डोंबिवलीला फडके रोडवर रंगीत खडू घेतले, ब्लेडने खरवडून त्यांची पूड केली आणि मऊ ब्रशने बसवली. पण पूड कुठे बसवायची, हे कळायला मला कल्याण स्टेशनच्या फलाटावर तासन्‌तास उभे राहावे लागले. इंजिन सगळीकडे सारखे मळत नाही. ब्रेक लागताना लोखंड झिजते, त्याची भुकटी गंजून खाली चाकांच्या आसपास तपकिरी थर धरते. टपावर तारेशी घासून पडलेली काजळी असते. पावसाचे ओघळ कडेच्या पत्र्यावरून सरळ खाली येतात. पुढच्या काचेवर वायपर फिरतो तेवढा पंखा स्वच्छ, बाकी धूळ. आणि ड्रायव्हरच्या दाराची मूठ कधीच मळत नाही; रोज हात लागून ती उजळलेली असते.

मग ठाण्याहून गिटारची तार आणली. दाराशेजारचे प्लॅस्टिकचे उठाव कापून बारीक भोके पाडली आणि तारेचे खरे दांडे बसवले. शेवटी तीन-चार केसांच्या ब्रशने 'म.रे.' आणि 'कल्याण' ही अक्षरे काढली. आयुष्यभर कविता लिहिल्या, पण एका 'ल्या'साठी श्वास रोखून बसण्याची वेळ तेव्हाच आली.

एक खोट मात्र राहिलीच. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांत 1676 मिलिमीटरचे अंतर असते. 87 ने भागले तर ते सव्वाएकोणीस येते. बाजारातले छोटे रूळ युरोपच्या मापाचे, साडेसोळाचे. म्हणजे माझे कल्याणचे इंजिन पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून उभे आहे. ते मला जमले नाही.

काम संपल्यावर इंजिन अब्बांच्या हातात दिले. रंग त्यांना दिसणार नव्हते, हे मला ठाऊक होते. तरी मी धुळीचे, ओघळांचे वर्णन करत राहिलो. ते ऐकत नव्हते. त्यांची बोटे पायरीवर गेली, तिथून दांड्यावर, दांड्यावरून टपावर. टपावर तार गाठणारे दोन पॅन्टोग्राफ असतात, शेडमध्ये त्यांना पेंटो म्हणत. मी मागचा एक उभा केला होता, पुढचा दुमडून ठेवला होता. बोटे तिथे थांबली.

"एकच वर?"

"हो अब्बा. सगळ्या इंजिनांचा एकच असतो."

"आत्ताच्या. हे डीसीचं ना? अरे, दुवा कुणी एका हातानं मागतं का?"

आणि त्यांनी अंगठ्याच्या नखाने पुढचा पेंटो अलगद उभा केला.

नंतर हिशेब करून पाहिला. डीसीच्या तारेत 1500 व्होल्ट असत, एसीच्या तारेत 25,000. व्होल्ट कमी असले की तेवढीच शक्ती घ्यायला करंट जास्त लागतो. इथे तो सुमारे सतरा पट. एवढा करंट एका पेंटोवर सोडण्यापेक्षा दोघांत वाटून घेतलेला बरा. म्हणून ती इंजिने दोन्ही हात वर करून धावत. लहानपणापासून मी ती रोज पाहिली होती आणि मला हे आठवले नव्हते. अब्बांना दिसत नव्हते, तरी त्यांना ते माहीत होते. त्याच वर्षी जून महिन्यात कल्याणहून मुंबईपर्यंतच्या मेन लाइनवरची डीसी वीज कायमची गेली. 2016 मध्ये हार्बरवरचीही गेली.

अब्बांनी इंजिन लगेच परत दिले नाही. विचारले, "नाव काय लिहिलंस?"

"म.रे., कल्याण."

"आपल्या हातानं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. माझी कवितेची पुस्तके मी दर वेळी त्यांच्या हातात दिली होती. ती त्यांनी आदराने फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली, पण त्यांच्यावरून असा हात कधी फिरवला नव्हता. इंजिन त्या संध्याकाळी मगरिबची अजान होईपर्यंत त्यांच्या मांडीवर होते.

आता ते खिडकीजवळ असते. बाहेरून गाड्या जातात, एकच पेंटो वर केलेल्या. फळी पुसताना घरच्यांना मी एवढेच सांगतो, की इंजिनाला फडके लावू नका, आणि दोन्ही पेंटो उभेच राहू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)