नफा आणि शेजारधर्म
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगण्यास माझ्याहून अधिकारी माणसें येथें बसलीं आहेत. चालकांनीं मला निराळा विषय नेमून दिला आहे: अनेक देशांत व्यापार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांचें नैतिक कर्तव्य. विषय दूरचा वाटेल. परंतु आपल्यापैकीं किती घरांची चूल अशा कंपन्यांच्या पगारावर पेटते हें मनांत आणिलें, म्हणजे तो आपल्या उंबरठ्यावरचाच ठरतो.

पोप लिओ तेरावे यांनीं १८९१ सालीं कामगारांच्या स्थितीविषयीं आपलें प्रसिद्ध परिपत्र काढलें, तेव्हां गिरणीचा मालक बहुधा गिरणीच्या आसपासच राहत असे. मजुराचें दुःख त्यानें टाळलें तरी तें त्याच्या दृष्टीस पडे. आज भागीदार एका खंडांत, संचालक दुसऱ्यांत आणि कारखाना तिसऱ्यांत असतो. जेथून हुकूम सुटतो तेथून धूर दिसत नाहीं.

भोपाळचें उदाहरण घ्या. तेथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांत कीटकनाशक बनविण्यासाठीं मिथिल आयसोसायनेट नांवाचें जहाल द्रव्य सांठविलें जाई. निम्म्याहून किंचित् अधिक भांडवल अमेरिकन कंपनीचें होतें. १९८२ च्या मे महिन्यांत तिच्याच तपासनिसांनीं येऊन धोक्यांची यादी करून दिली होती. तरीही २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं टाकींत पाणी शिरलें, तेव्हां द्रव्य थंड ठेवणारें यंत्र बंद होतें आणि निसटता वायु जाळून टाकणारा मनोरा नळी काढल्यामुळें निकामी होता. सुमारें ४० टन विष झोपलेल्या वस्तीवर पसरलें. सरकारी दप्तरांत मृतांची संख्या पांच हजारांवर आहे. बाधित झाले ते लाखों.

मग जबाबदार कोण? अमेरिकन कंपनी म्हणाली, कारखाना भारतीय कंपनी चालवीत होती. १९८९ सालीं ४७ कोटि डॉलरांवर तडजोड झाली. अमेरिकन कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन खटल्यासाठीं परत आले नाहींत. २०१४ सालीं ते वारले. २०१० सालीं, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, सात भारतीय अधिकाऱ्यांस दोन-दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. जबाबदारी इतक्या हातांत वांटली गेली कीं, ती कोणाच्याच हातीं उरली नाहीं.

आतां दुसरें चित्र पाहा. १९८२ च्या शरदांत अमेरिकेंतील शिकागो भागांत टायलेनॉल नांवाच्या औषधाच्या कुप्यांत कोणी दुष्टानें विष कालविलें आणि सात माणसें दगावलीं. हें कृत्य कारखान्याबाहेर घडलें असावें, असेंच तपासांत दिसलें. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीस ‘आमचा काय दोष?’ असें म्हणतां आलें असतें. परंतु अध्यक्ष जेम्स बर्क यांनीं देशभरांतून सुमारें ३ कोटि १० लाख कुप्या परत मागविल्या आणि दहा कोटि डॉलरांहून अधिक भुर्दंड सोसला. औषध घेणारा प्रथम आणि भागीदार अखेरीस, हा क्रम त्या कंपनीनें १९४३ पासून लिहून ठेविला होता. बर्क यांनीं तो पाळून दाखविला. जबाबदारी अंगावर घेणें यासच नेतृत्व म्हणावें.

तथापि कोणत्याही कंपनीस पुण्यवान् ठरवून आपण मोकळे होऊं नये. त्याच कंपनीवर पुढें तिच्या बालपावडरीबद्दल अमेरिकेंत हजारों दावे झाले. आरोप तिनें नाकारले. मात्र २०२३ सालीं शंखजिऱ्याची ती पावडर विकणें तिनें जगभर थांबविलें. सचोटी वारशानें मिळत नाहीं. ती प्रत्येक पिढीस नव्यानें मिळवावी लागते.

आपल्या देशांत २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यासाठीं खर्चणें भाग पाडलें आहे. त्यांतून शाळा, दवाखाने उभे राहतात, हें चांगलेंच आहे. परंतु दोन टक्क्यांच्या दानानें उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा हिशेब चुकत नाहीं. नफा वांटला कसा, यापूर्वीं तो मिळविला कसा, हें विचारलें पाहिजे.

आणि हा प्रश्न केवळ संचालकांचा नाहीं. बंद यंत्राची नोंद कोणी कारकून करितो. तपासणीच्या कागदावर कोणी मुकादम सही करितो. ठेक्यावरच्या मजुरास मुखवटा मिळाला कीं नाहीं, हें कोणी निरीक्षक पाहतो. तो कारकून, तो मुकादम, तो निरीक्षक कदाचित् आज या मंडपांत बसला असेल. बंधो, न पाहिलेल्यावर सही करूं नको. वरिष्ठांची नाराजी होईल, बढती अडेल, प्रसंगीं नोकरीही जाईल. हें मी हलकें समजत नाहीं, कारण मुलांच्या शाळेचा खर्च मलाही ठाऊक आहे. अशा वेळीं त्या कुटुंबास एकटें न सोडणें, हें धर्मग्रामाचें कर्तव्य आहे. तेवढा निश्चय आज झाला, तर हा महोत्सव सार्थकीं लागला असें मी म्हणेन.