भंडारदऱ्याचे पाणी आणि आपण
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



यंदा आपल्या मंडळाची सहल भंडारदऱ्याला न्यायची असे ठरले आहे. जाण्यापूर्वी त्या जागेची माहिती कोणीतरी सांगावी असे निघाले आणि ते काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरात रमणारी बाई. पण भंडारदऱ्याचे आणि आपले नाते इतके जवळचे आहे की त्यावर चार शब्द बोलायला मला संकोच वाटत नाही.

भंडारदरा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निळेशार तलाव, नावा, धबधबे आणि भोवतीचे डोंगर येतात. परंतु हा तलाव कोणी मौजेसाठी बांधलेला नाही. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याने फार सोसले. माणसे खडी फोडायला गेली, गुरे दावणीला मेली. त्यानंतर सरकारने दुष्काळी मुलखाला पाटाचे पाणी देण्याचा विचार हाती घेतला. त्यातून प्रवरा नदी अडवण्याचे ठरले. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून धरणाला विल्सन धरण म्हणू लागले, तर तलावाला ऑर्थर हिल यांचे नाव मिळाले. भिंत २७० फूट उंच, दगडी बांधकामाची. तलावात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. १९६९ साली या भिंतीला तडे गेले होते. पुढे मागून भक्कम टेकू बांधून ती मजबूत केली. म्हणून आज आपण निर्धास्तपणे तिच्यासमोर उभ्या राहतो.

हे पाणी नदीतून खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर भागात पाणी फिरते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. उसावर साखर कारखाने निघाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी कारखाना उभा केला, तोही याच पाण्याच्या जोरावर. पाटाला पाणी सुटले की दसऱ्याआधी गोधड्या धुवायला आपण सगळ्या काठावर जमतो. तेव्हा ते पाणी कुठून येते हे आपण फारसे मनात आणीत नाही. सहलीच्या निमित्ताने ते मनात आणू या.

प्रवासी येऊ लागले ते धरण झाल्यावर. पाण्याच्या कडेने रतनवाडीला जावे, अमृतेश्वराचे जुने कोरीव देऊळ पाहावे, वर रतनगड पाहावा. पलीकडे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ५४०० फूट. धरणाच्या पायथ्याशी छत्री धबधबा आहे. भिंतीतल्या मोरीचे पाणी एका गोल खडकावर पडून छत्रीसारखे पसरते, म्हणून त्याचे हे नाव. मोरी उघडलेली असेल तरच तो दिसतो, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. मे अखेरीस, पावसाच्या तोंडाशी, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर लाखो काजवे चमकतात. ते पाहायला अलीकडे एवढी गर्दी लोटते की वनखात्याला रात्रीच्या गाड्यांवर निर्बंध घालावे लागले. काजव्यांचा उजेड हा त्यांचा एकमेकांना खुणावण्याचा मार्ग आहे. गाड्यांच्या दिव्यांत आणि हातातल्या बॅटऱ्यांच्या झोतात ती खूण हरवते, आणि मग पुढल्या वर्षी काजवे कमी होतात.

आता मला मनापासून सांगायचे ते सांगते. या तलावाखाली गेलेली जमीन डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर माणसांची होती. पाणी त्यांच्या दारात साठले आणि पिकली मात्र खालची शिवारे. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस त्याच डोंगरात पडतो, तरी उन्हाळ्यात वरच्या काही वाड्यांतल्या बायकांना हंडा घेऊन लांब जावे लागते. खाली तलाव दिसतो, पण तो उतारावर. आणि चढ चढून डोक्यावर पाणी आणायचे ते बाईनेच. आपल्या नळाला येणारे पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत खाली वाहून येते, हे आपण विसरू नये.

त्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, तरी जुन्या बियाण्यांचा ठेवा जपला आणि २०२० साली पद्मश्री मिळवली. तेव्हा डोंगरातल्या बायकांकडे बिचाऱ्या म्हणून पाहू नका. शिकण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, जेवणाचे डबे बांधून नेऊ नका. तिथल्या घरी नाचणीची भाकरी नि तिथलाच भात करून घेऊ या आणि पैसे मोजताना घासाघीस करू नये. दुसरी, प्लास्टिकच्या बाटल्या, पिशव्या, कागद जे नेऊ ते परत आणू. तलावात टाकलेला कचरा पाटाने आपल्याच दारी येईल. तिसरी, बोलायला थांबा. उन्हाळ्यात पाण्याचे काय करता, हे एका तरी बाईला विचारा. आल्यावर मंडळात त्याचा विचार करू, आणि आपल्याला काही करता येण्याजोगे असेल तर ते करू.