विजेता कोण आणि मालक कोण?

(इंदापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा कशी असते, हे इंदापूर तालुक्यातील श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. तोट्याचा विषय निघाला की एखादा सभासद उठतो आणि हिशेब मागतो. हिशेब मिळतोच असे नाही. परंतु मागण्याचा अधिकार त्याचा असतो. फुटबॉलच्या क्लबाला असा हिशेब कोण विचारतो? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल; पण पुणे जिल्ह्यातील या खेळाचा अलीकडचा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

2007 साली पिरामल उद्योगसमूहाने पुणे एफ. सी. हा क्लब काढला. 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च राष्ट्रीय साखळी स्पर्धेत, तो दुसरा आला. 2015 नंतर तो त्या स्पर्धेत दिसला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. 2014-15 चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स 2016 मध्ये आय-लीगमध्ये आला आणि 2017 नंतर बाहेर पडला. 2014 चा एफ. सी. पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली. पाच वर्षांच्या आत चार क्लब गेले. हे चौघेही ज्या बालेवाडीच्या क्रीडानगरीत खेळले, ती 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभी राहिली होती. ती आजही उभी आहे. जे जनतेचे होते ते टिकले. जे मालकाचे होते ते मालकाच्या इच्छेबरोबर संपले.

हे केवळ पुण्याचे दुर्दैव नव्हे. मुंबईचा महिंद्र युनायटेड 2005-06 मध्ये राष्ट्रीय साखळीचा विजेता ठरला. 2010 मध्ये कंपनीने तो क्लब विसर्जित केला. गोव्याची कथा अधिक उद्बोधक आहे. 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात हंगाम राष्ट्रीय विजेतेपद गोव्यातच राहिले: चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही खाणमालकांची घराणी. 2012 मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघे आय-लीगमधून बाहेर पडले. नव्या श्रीमंत स्पर्धेला वर चढवून आय-लीगला दुय्यम दर्जा देण्याच्या योजनेचा त्यांनी निषेध केला होता, आणि तो निषेध रास्तच होता. परंतु बाहेर पडण्याचा निर्णय पेढीवर झाला. मडगाव-फातोर्ड्याच्या प्रेक्षकाला त्यात मत नव्हते.

ज्या इटलीकडे फुटबॉलचे माहेरघर म्हणून पाहिले जाते, तेथे हाच खेळ शतकभर चालला आहे. तेथील पहिले अजिंक्यपद 1898 मध्ये तूरिन येथे एकाच दिवसात उरकले आणि जेनोआ विजेता ठरला. आजच्या स्वरूपाची साखळी, सेरी आ, 1929-30 पासूनची. तत्पूर्वीच, 1923 मध्ये, फियाट मोटारींच्या आन्येल्ली घराण्याने युव्हेंटसची सूत्रे हाती घेतली होती. दक्षिणेतून पोटासाठी तूरिनला आलेला मजूर आठवडाभर फियाटमध्ये राबे आणि रविवारी मालकाच्याच संघाचा जयजयकार करी. 1986 मध्ये मिलान क्लब बेर्लुस्कोनी यांनी घेतला. दूरचित्रवाणी, क्लब आणि पुढे देशाचे पंतप्रधानपद एकाच हाती आले. 2025 पर्यंतची गणना केली तर युव्हेंटसची 36, इंटरची 20 आणि मिलानची 19 अशी 75 अजिंक्यपदे उत्तरेकडील दोन औद्योगिक शहरांतील तीन क्लबांकडे आहेत. विजेत्यांची ही यादी म्हणजे भांडवल कोठे साठले याचा नकाशाच होय.

कायद्यानेही हीच दिशा घेतली. 1981 च्या कायद्याने इटलीतील व्यावसायिक क्लबांना कंपनीचे रूप सक्तीचे केले. मात्र नफा खेळातच गुंतवावा असे बंधन ठेवले. 1996 मध्ये ते बंधनही उठले. 2003 मध्ये पार्मालात ही दुधाची बलाढ्य कंपनी हिशेबातील लबाडीमुळे कोसळली आणि तिच्या पैशावर वाढलेला पार्मा क्लब संकटात सापडला. नापोलीचे दिवाळे 2004 मध्ये वाजले. तो क्लब तिसऱ्या श्रेणीत पुन्हा उभा राहिला, कारण नेपल्सचे लोक तेथेही हजारोंनी मैदानावर आले. 2023 आणि 2025 मध्ये तो पुन्हा अजिंक्य ठरला. मालक तेथेही खाजगीच आहे. परंतु क्लब शहराचा आहे ही भावना मालकाच्या दिवाळ्याहून बळकट ठरली.

अशी भावना महाराष्ट्रात नाही काय? कोल्हापूरला जाऊन पाहावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या संघांची नावे पेठेची आणि तालमीची आहेत, कंपनीची नाहीत. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने पाहायला माणसे लोटतात. त्या ईर्ष्येतून कधी हाणामारी होते, हा दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु पुण्यातील चार क्लब मिटले तसे या तालमींचे संघ कोणा उद्योगपतीच्या एका ठरावाने मिटवता येत नाहीत.

यावर आक्षेप येईल की, मोठ्या स्पर्धेला मोठे भांडवल लागते आणि ते पेठेतून जमत नाही. आक्षेप निराधार नाही. परंतु मोठे भांडवल आले म्हणजे स्थैर्य आले, हे गृहीतही अनुभवाला उतरत नाही. भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा, 700 कोटी रुपयांचा करार केला. त्याची मुदत संपत आली तेव्हा, 2025 च्या जुलैत, देशातील सर्वोच्च स्पर्धेचा हंगामच स्थगित ठेवावा लागला. उलट, जर्मनीत 1998 पासून असा दंडक आहे की, क्लबाची कंपनी झाली तरी मतांचे बहुमत सभासदांकडेच असावे. काही अपवाद सोडता तो पाळला जातो. म्हणजे भांडवल घ्यावे, पण मताधिकार विकू नये.

हे तत्त्व इंदापूरला परके नाही. एकाच तालुक्यात वालचंदनगरची खाजगी वसाहत आणि भवानीनगरचा सहकारी कारखाना येथील लोकांनी पाहिला आहे. अर्थात, सहकार हा शब्द उच्चारला की सारे साधले, असेही नाही. सभासद केवळ प्रेक्षक झाला, सभा पाच मिनिटांत मंजूर-मंजूर म्हणत उरकू लागली, की सहकारातही मालक निर्माण होतो. महाराष्ट्रातील कित्येक सहकारी कारखाने अशाच वाटेने खाजगी हातांत गेले. सभासदत्व कागदावर टिकते. मालकी जागरूकतेनेच टिकते.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम साधे आहे आणि ते आपल्या गावापासून सुरू होते. गावचे कबड्डी मंडळ असो, कुस्तीची तालीम असो की शाळेच्या पटांगणावरचा फुटबॉल संघ असो. त्याच्या सभासदांची नोंदवही असावी, वर्षातून एकदा हिशेब चावडीवर वाचला जावा आणि मैदानाची जागा गावाच्या नावावर राहावी. देणगीदाराचे नाव फलकावर जरूर लावावे. मात्र मंडळ बंद करायचे की चालवायचे, याचे मत त्याला एकट्याला देऊ नये. ज्या पोराने भर उन्हात मैदानावरचे दगड वेचले, त्याच्या मंडळाचा निकाल त्याच्या गैरहजेरीत लागता कामा नये.