मोटारीच्या चक्रामागील स्त्री

आपल्या सुरतेहून दक्षिणेस निघाले की तासाभरात नवसारी लागते. तेथे १८५६ साली जन्मलेले रतनजी दादाभाई टाटा यांनी १९०२ मध्ये पॅरिस येथे सुझान ब्रिएर या फ्रेंच युवतीशी विवाह केला. हिंदुस्थानात मोटार चालविणारी पहिली स्त्री म्हणून या सुझानबाईंचेच नाव घेतात. साल सांगतात १९०५. जे. आर. डी. टाटा हे त्यांचे चिरंजीव.

‘पहिली’ या शब्दाचे आपल्याला कौतुक फार. पण तिने नेमके काय केले, हे आपण क्वचितच विचारतो. त्या काळी मोटारीच्या पुढचा दांडा जोराने फिरवून यंत्र चालू करावे लागे. दांडा उलटला तर मनगट मोडण्याची भीती. चाके वाटेत फुटत आणि दुरुस्तीची दुकाने जवळजवळ नव्हतीच. जो चालक, तोच कारागीर!

याचा उत्तम दाखला जर्मनीत मिळतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या गृहिणीने पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीनेच बनविलेली मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटर नेली. इंधन संपत आले, तेव्हा ते औषधाच्या दुकानातून घेतले. नळी तुंबली, ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडे लावून घेतले. घर चालविताना अंगी बाणलेली युक्तीच तेथे कामी आली.

पुढे शर्यती सुरू झाल्या. १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत कामीय द्यू गास्त ही फ्रेंच स्त्री जखमी स्पर्धकाला मदत करण्यासाठी थांबली आणि मागे पडली. याचे बक्षीस काय? पुढील वर्षी तिच्या देशातील मोटारसंस्थेने स्त्रियांना शर्यतीची दारे बंद केली!

रॅली मात्र निव्वळ वेगाची परीक्षा नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात, गाडी धड ठेवून पार करावयाचे. तेथे चिकाटी लागते. १९२७ साली मिल्ड्रेड ब्रूस स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून माँटे कार्लोपर्यंत मोटार हाकीत गेल्या आणि त्यांनी स्त्रियांचा चषक जिंकला.

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात आपण पितळी दिव्यांची चकाकी पाहून हरखतो. त्या चक्रावर बसण्याची मुभा कोणाला होती, हेही तेथे आठवावे. आणि घरी परतल्यावर एवढेच पाहावे, की मोटारीची किल्ली खुंटीला टांगलेली असताना ती उचलण्यासाठी आपल्या लेकीसुनांना अजून कोणाची परवानगी मागावी लागते काय?